वाक्याचा पहिला शब्द

मुलांच्या निबंधांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव नित्याचा असतो. शुद्धलेखन निर्दोष, अक्षर वळणदार. तरी निबंध वाचवत नाहीं. याचें कारण पुष्कळदां वाक्यांच्या आरंभांत सांपडतें. आठनऊ वर्षांचा मुलगा सुट्टींतील हकीगत अशी लिहितो : “मी सकाळीं उठलों. मी आजीबरोबर नदीवर गेलों. मी नावेंत बसलों. मी घाबरलों. मी घरीं आलों.” पांच वाक्यें, आणि पांचांच्याही दारांत तोच ‘मी’ उभा! उठणें, घाबरणें आणि घरीं येणें यांना सारखीच किंमत आली. मुलाच्या मनांतील भीति मात्र वहींत उतरलीच नाहीं.

अशा वेळीं “भाषा सुधार” असा तांबड्या शाईचा शेरा मारून काय होणार? उपाय मुलाजवळच असतो. व्याकरणाच्या तासाला त्यानें शब्दांच्या आठ जाती पाठ केलेल्या असतात. परंतु त्या केवळ ओळखण्यासाठीं आहेत, वापरण्यासाठीं नव्हेत, अशी त्याची समजूत होऊन बसते.

मराठीची रचना या कामीं फार उपकारक आहे. “रामानें आंबा खाल्ला” आणि “आंबा रामानें खाल्ला” हीं दोन्ही वाक्यें शुद्ध होत. कर्ता कोण, हें विभक्तीचा प्रत्यय सांगतो. इंग्रजींत अशी अदलाबदल केली, तर आंबाच रामाला खाऊन टाकील! मराठींत अर्थ कायम राहतो, रोख तेवढा बदलतो. पहिल्या वाक्यांत रामाची गोष्ट चालू आहे. दुसऱ्यांत आंब्याचें काय झालें, तें सांगितलें आहे.

म्हणून आईनें मुलाला नुसतें “वाक्य बदल” असें सांगूं नये, प्रश्न विचारावे. कोणाबरोबर गेलास? नाव कशी होती? ती कशी निघाली? पाणी पाहून काय वाटलें? भीति केव्हां वाटली? मग तोच मुलगा लिहील : “आजीबरोबर मी नदीवर गेलों. लहानशी नाव कांठाला उभी होती. हळूहळू ती पाण्यांत शिरली. अबब! केवढें पाणी! हालली नाव, आणि मी आजीला बिलगलों.” येथें आरंभीं अनुक्रमें शब्दयोगी अव्यय जोडलेलें नाम, विशेषण, क्रियाविशेषण, केवलप्रयोगी अव्यय आणि क्रियापद आलें. ‘बरोबर’ हें शब्दयोगी नामावांचून उभें राहत नाहीं, हेंही त्याला सहज उमगतें.

मात्र ‘मी’ला हद्दपार करण्याचें कारण नाहीं. “मीच वल्हें धरलें, मीच दोर बांधला” असें मूल अभिमानानें लिहितें, तेव्हां ती पुनरुक्ति योग्यच असते. नेमानें प्रत्येक वाक्य निराळ्या जातीच्या शब्दानें सुरू करावयास लावलें, तर लेखन कसरतीसारखें होईल.

आठवड्यांतून एकदां आईवडिलांनीं वहींतील पांच वाक्यें मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावींत. जेथें कान कंटाळेल, तेथें तें स्वतःच थांबेल. शिकवणीचा आरंभ तेथूनच करावा.