वही कोणापुढं उघडायची?

(कुडाळ इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी दहावी पास. कुडाळ स्टेशनवर गाडीत बसलो तो थेट मुंबईच्या गोदीत जाऊन पडलो. कंत्राटदाराच्या टोळीत काम करतो. पाळी सुटली की वही काढतो. तिच्यात कविता असतात, उधारी असते, कोण काय बोललं ते असतं. तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. पण आज कविता वाचणार नाही. त्या वहीपायी एका माणसाचं काम गेलं, ते सांगणार आहे.

टोळीत एक दोस्त होता, सांगलीकडचा. जहाजात पोलादाच्या कॉइल लावताना त्याची दोन बोटं चेंगरली. मुकादम म्हणाला, घरी दारात सापडली म्हणून सांग, रोज बुडणार नाही. त्यानं तसंच सांगितलं. पोट आहे ना. रात्री मी वहीत खरं लिहिलं. तारीख, जहाज, मुकादमाचे शब्द आणि दोस्ताचं पूर्ण नाव. म्हटलं, आपलीच वही, कोण बघतंय?

आठ दिवसांनी वही शेडमध्ये विसरलो. एकानं उचलली आणि मोठ्यानं वाचायला लागला. आधी माझ्या प्रेमाच्या कविता. पोरं खिदळली. मग ते पान आलं. मुकादम तिथंच चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी दोस्ताला गेटवरून परत पाठवलं. मला कोणी हात लावला नाही. लिहिलं मी आणि भोगलं त्यानं. त्याला तर वाचताही येत नाही. आपल्याबद्दल काय लिहिलंय, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. आपण लिहितो ते कुणासाठी? आणि कुणापासून लपवायचं?

पांढरपेशाची डायरी टेबलाच्या खणात असते. खणाला कुलूप, खोलीला दार, दाराला कडी. आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण झोपतो. माझी ट्रंक सगळ्यांची उशी. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मला आनंद झाला. पण या हक्काला निदान एक कडी तरी लागते. आमच्या वाड्यात तर आमच्या चुलीवर काय शिजतंय, ते गावाला आमच्या आधी माहीत असायचं. आमचं सगळं उघडंच होतं. म्हणून आमच्यातल्या कुणी वही झाकली तर त्याला भित्रा म्हणू नका.

फलटणच्या बेबीताई कांबळे बघा. छोटं दुकान. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. नवऱ्याला, घरच्यांना कळू नये म्हणून कागद लपवायच्या. वीसेक वर्षं! मग मॅक्सिन बर्नसन या बाईंना ते लिखाण दाखवलं. त्यांनी धीर दिला. आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. नाव नीट ऐका. 'माझं' नाही, 'आमुचं'. त्यांनी समाज उघडा केला, देवभोळेपणा, सासवांचा जाच, सगळं. पण स्वतःच्या नवऱ्याचा मार त्यात जवळजवळ नाहीच. तो त्या पुढं मुलाखतीत बोलल्या. २००८ साली माया पंडितांच्या इंग्रजी भाषांतरासोबत ती मुलाखत छापली गेली. काय आधी सांगायचं, काय मागून, कुणाला सांगायचं, हे त्या बाईनं ठरवलं. मासिकानं नाही, समीक्षकानं नाही.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच. झोपडीतला सांगतो आणि शिकलेला ऐकतो. म्हणजे पहिला वाचक स्वतःच. पुस्तक बाहेर आल्यावर आपल्यातलेच काही शिकलेसवरलेले बोंबलले की जुना उकिरडा कशाला उकरता? मला त्यांचा राग यायचा. आता अर्धाच येतो. आडनाव बदलून सोसायटीत राहणाऱ्याच्या पोरीचं लग्न ठरायचं असतं. त्याची भीती खरी आहे. पण त्या भीतीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नाही, जात विचारणाऱ्यावर आहे.

आणि बाबासाहेब. चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यावरचं पाणी, बडोद्यातली पारशी धर्मशाळा, हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. अस्पृश्यता आहे हे ज्याला ठाऊक असतं, पण ती प्रत्यक्षात किती जाचक आहे हे उमगत नाही, अशा परदेशी माणसाला समजावं म्हणून. महारवाड्याला ते सांगायची गरज नव्हती. वाचक आधी ठरवला आणि मग लिहिलं. त्याची पुस्तिका निघाली १९९० साली, ते गेल्यावर चौतीस वर्षांनी.

तुम्ही आता फोनवर लिहिता. स्टेटस ठेवता, म्हणता फक्त पाच जणांना दिसेल. त्या पाचांतला एक फोटो काढतो आणि सहाव्याला धाडतो, आणि सहावा तुमच्या मालकाचा भाचा निघतो. मग गावभर. माझी वही निदान एका शेडमध्ये वाचली गेली. तुमची एका रात्रीत मालवणपर्यंत जाईल.

म्हणून लिहायचं सोडा, असं मी म्हणत नाही. उलटच म्हणतो, कारण पुढची गोष्ट राहिलीय. दोस्त भरपाईसाठी वकिलाकडं गेला. वकिलानं पहिलं विचारलं, तारीख कुठली? कुणालाच आठवेना. मुकादमाकडं नोंद नाही, दवाखान्याच्या कागदावर 'घरी दारात सापडली'. ती तारीख एकाच ठिकाणी होती. माझ्या वहीत.

मी पान घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, "वाच." मी वाचलं. त्यानं दोन चुका काढल्या. बोटं डाव्या हाताची नव्हती, उजव्याची होती. आणि तो रडला नव्हता, मी उगाच लिहिलं होतं. मग म्हणाला, "आता घेऊन जा वकिलाकडं. इथनं फुडं माझं नाव घालशील तर आधी मला वाचून दाखवायचं." अर्ज दिलाय. अजून निकाल नाही.

घरी आलो तर आईनं विचारलं, "काय लिवतस रे एवढा? माझा नाव घालू नको हां त्यात." चार वर्षांपूर्वी मी तिच्यावर क्रांतीचं लेक्चर झोडलं असतं. या खेपेला तिच्यावर लिहिलेली कविता तिला वाचून दाखवली. ती गप्प बसून राहिली. मग म्हणाली, "ह्या ऱ्हवांदे. पण मी मेल्यार छाप."

म्हणून ती कविता आज वाचत नाही. वही पिशवीत आहे. तिच्यातली माझी पानं मागाल तेव्हा वाचीन. आईचं पान तिचं आहे.

जय भीम.