हीनमूल्याचा इशारा : अतिस्वस्त जुनी मोटार आणि सुज्ञ गृहस्थ

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ)

२४ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याआधी बारा वर्षे, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली होती. कायदा मागाहून आला. समाजाची जागृती आधी सुरू झाली होती. ग्राहकाच्या हिताचे कोणतेही काम याच क्रमाने होते. म्हणूनच आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जिव्हाळ्याच्या एका खरेदीचा विचार येथे करावयाचा आहे. ती खरेदी म्हणजे वापरलेली मोटार, आणि त्यातही अतिशय स्वस्तात मिळणारी मोटार.

घराखालोखाल मोठी खरेदी म्हणजे मोटार. जुनी मोटार घेण्यात कमीपणा काहीच नाही. अंथरूण पाहून पाय पसरणे हा आपल्याकडचा संस्कार आहे, आणि नीट राखलेली, सात-आठ वर्षे वापरलेली गाडी योग्य किमतीत घेणारा गृहस्थ शहाणाच म्हणावा लागेल. प्रश्न त्या गाडीचा नाही. ज्या प्रकारच्या गाडीला बाजारात तीन लाख रुपये पडतात, ती कोणी लाखभरात देऊ करतो, वर ‘आज संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ अशी घाई लावतो, तेव्हा काय करावे, हा प्रश्न आहे.

स्मृतिकारांची दूरदृष्टी

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केलेला आहे. प्राचीन धर्मशास्त्राने वादांची अठरा प्रकरणे मानली. त्यांपैकी एकाचे नाव ‘अस्वामिविक्रय’, म्हणजे मालक नसलेल्या माणसाने केलेली विक्री. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात याविषयी स्पष्ट दंडक आहे. ज्याच्याकडे ती वस्तू असण्याचा संभव नाही अशा माणसाकडून, एकांतात, अवेळी किंवा अतिशय कमी किमतीत घेणारा ग्राहक हा चोरासारखाच दोषी मानावा, असे स्मृतिकार सांगतात. ग्राहकाला सुटकेचा मार्गही त्यांनी ठेवला आहे. त्याने विक्रेता समोर उभा करावा. मग वस्तू मूळ मालकाकडे जाते आणि ग्राहकाला विक्रेत्याकडून किंमत परत मिळते. याच स्मृतीवर बाराव्या शतकाच्या आरंभी विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिचे प्रामाण्य महाराष्ट्रात शतकानुशतके मानले गेले.

येथे लक्षात घेण्याचा शब्द आहे ‘हीनमूल्य’. किंमत वाजवीपेक्षा फार खाली उतरली की ती सवलत राहत नाही, तो इशारा होतो. पश्चिमेकडील अर्थशास्त्रही बऱ्याच उशिराने का होईना, या दिशेला आले. जॉर्ज एकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. या विषमतेमुळे चांगला माल बाजारातून मागे सरतो आणि वाईट माल पुढे येतो, असे त्यांनी दाखवले. २००१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

किंमत का उतरते?

बाजारभावापेक्षा फार खाली उतरलेल्या किमतीमागे बहुधा चारांपैकी एक कारण असते.

पहिले कारण मालकीचे. गाडी चोरीची असते, किंवा तिच्यावर कर्जाचा बोजा असतो आणि हप्ते थकलेले असतात. चोरीच्या गाडीबाबत कायदा निःसंदिग्ध आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. पूर्ण पैसे मोजले, पावती घेतली, तरी चोरीची गाडी मूळ मालकाकडे जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ तर आणखी पुढे जाते. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असतानाही तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. ‘मानण्यास कारण’ या शब्दांत याज्ञवल्क्यांचे हीनमूल्यच पुन्हा डोकावते. बोजा असलेल्या गाडीचे नाव वित्तसंस्थेच्या संमतीवाचून बदलत नाही, आणि थकलेल्या हप्त्यांसाठी वसुलीची माणसे नव्या मालकाच्या दारात येतात.

दुसरे कारण पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण येथेही तेच झाले. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसान झालेली मानते. असे सांगाडे भंगाराच्या भावात विकले जातात, धुऊन-पुसून चकचकीत होतात आणि पूर न आलेल्या दूरच्या गावात विक्रीला उभे राहतात. पाणी ओसरते, पण गाळ आणि ओलावा वायरींच्या जोडांत राहतो. तांबे हिरवे पडते, आणि सहा महिन्यांनी, भर घाटात, अंधारात, दिवे किंवा इंजिन दगा देते.

तिसरे कारण अपघाताचे. चेपलेला पत्रा सरळ करून रंग देता येतो. परंतु वाकलेला सांगाडा पूर्वीचे बळ धरत नाही. त्याहून गंभीर बाब एअरबॅगची. ती एकदाच फुगते आणि नवी बसवणे खर्चिक असते. म्हणून काही ठिकाणी आत काहीच न बसवता वरचे झाकण तेवढे चिकटवले जाते आणि धोक्याचा दिवा तोडून टाकला जातो. पुढच्या आसनावर बसलेल्या गृहिणीला आपल्यासमोर रिकामी खोबण आहे, याची कल्पनाही नसते.

चौथे कारण वयाचे आणि परराज्याचे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. २०२५ मध्ये त्या निर्बंधांत फेरफार झाले. परंतु दरम्यानच्या काळात ‘दिल्लीची स्वस्त गाडी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील गावोगावी पोहोचला. अशी गाडी घेणे बेकायदा नाही. मात्र मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा वाहनकर आणि नवा क्रमांक हे सारे सोपस्कार खरेदीदाराच्या माथी असतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. केंद्राने नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर नेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. साठ हजारांत मिळालेली गाडी रस्त्यावर कायदेशीरपणे उभी करीपर्यंत मूळ किमतीइतकाच खर्च झाला, असे हिशेब अनेक घरांत झाले आहेत.

कागद म्हणजे जबाबदारी

अतिस्वस्त गाडीच्या व्यवहारात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : ‘नावावर करायची घाई काय? सह्या केलेले फॉर्म देतो, केव्हाही करा.’ हे वाक्य कानी पडले की व्यवहार तेथेच थांबवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार, गाडी त्याच राज्यात विकली गेली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे असते. नमुना २९ आणि नमुना ३० त्यासाठीच आहेत.

या दुर्लक्षाचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. एक गाडी एकाहून अधिक हातांत फिरली, नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावे राहिली आणि पुढे अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कागदोपत्री ज्याचे नाव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. दुसरे उदाहरण याहून भयंकर आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीचा स्फोट झाला आणि निरपराधांचे प्राण गेले, ती अनेक हात बदललेली जुनी मोटार होती. तपास यंत्रणांना नोंदणीतील नावापासून आरंभ करून एकेका खरेदीदाराचा माग काढावा लागला. कोऱ्या फॉर्मवरची एक सही देशाच्या शत्रूला केवढी आडोशाची जागा देते, हे यावरून ध्यानी यावे. नागरिक कर्तव्य हा शब्द आपण वारंवार उच्चारतो. त्या कर्तव्याचा एक भाग परिवहन कार्यालयाच्या खिडकीपाशी पार पडतो.

विम्याचेही तसेच. तिसऱ्या व्यक्तीसाठीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी चौदा दिवसांची मुदत आहे.

हे सारे संस्थांनाही लागू पडते. सेवाकार्य करणाऱ्या एखाद्या संस्थेला कोणी सद्भावाने जुनी गाडी देतो. फिरत्या दवाखान्यासाठी किंवा कार्यकर्त्यांच्या प्रवासासाठी ती वर्षानुवर्षे दात्याच्याच नावावर धावत राहते. रात्रीचे प्रवास, खेड्यांतील रस्ते, झिजलेले टायर आणि संपलेला विमा. कार्यकर्ता ही संघटनेची सर्वांत मोलाची ठेव आहे. तिला अशा गाडीत बसवणे ही काटकसर म्हणता येणार नाही. दान स्वीकारताना कृतज्ञता असावीच. सोबत नावबदल, विमा आणि मेकॅनिकची तपासणीही असावी.

सुज्ञ गृहस्थाने काय पाहावे?

सर्वप्रथम विम्याच्या कागदावरील घोषित मूल्य पाहावे. मागितलेली किंमत त्याच्या निम्म्याने असेल, तर कारण विचारावे आणि ते पटेपर्यंत एक रुपयाही देऊ नये. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीची नोंदणी, बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलने दिसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर चोरीची नोंद तपासता येते. आरसीवरील चासी आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. सीएनजी असेल तर तिची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

गाडी दिवसाउजेडी पाहावी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. पुराचा गाळ त्याच्या आतल्या टोकाला सापडतो. सतरंजीखाली आणि जादा चाकाच्या खळग्यात हात घालून पाहावा. सर्व काचांवरील निर्मितीचे वर्ष जुळते का, हे पाहावे. एखादीच काच निराळी असेल तर ती का बदलली, हे विचारावे. टायरवरील चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर संशय धरावा. मीटरचे आकडे मागे फिरवता येतात, परंतु पेडलचे झिजलेले रबर आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी खरे बोलतात. आणि आपल्या विश्वासातील मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन सोबत न्यावे. विक्रेता त्याला हात लावू देत नसेल, तर उत्तर मिळालेच.

शक्यतो अधिकृत व्यापाऱ्याकडून घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे, आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद झाली की तो व्यापारीच मानीव मालक ठरतो. व्यापाऱ्याने फसवले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी विक्रेत्याविरुद्ध ही वाट सहसा मिळत नाही. दिवाणी दावा किंवा पोलीस ठाणे एवढेच उरते.

बंधू-भगिनींनो, स्वस्त गाडीतून वाचलेला पैसा कोठे तरी कोणी तरी भरलेला असतो. कधी तो चोरी झालेल्या मालकाने भरलेला असतो, कधी शासनाच्या बुडालेल्या कराने, आणि कधी तो घाटातल्या वळणावर घरातल्या मुलांकडून वसूल होतो. पैसा कमी असेल तर लहान गाडी घ्यावी, वर्षभर थांबावे, एसटीने आणि रेल्वेने जावे. त्यात मान कमी होत नाही. परंतु घ्यायची ती गाडी उजेडात, खऱ्या मालकाकडून, योग्य किमतीत आणि स्वतःच्या नावावर घ्यावी. स्मृतिकारांनी सांगितलेला व्यवहारधर्म हाच आहे, आणि तो पाळणारी कुटुंबे वाढली की चोरीच्या आणि भंगाराच्या मालाचा बाजार आपोआप ओस पडेल.