फुटलेलं वांगं

शिरोळकडची, कृष्णाकाठची छोटी वांगी. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायची. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, आपली कांदा-लसूण चटणी ठासून भरायची. हे तुम्हाला मी काय सांगावं! पण माझी आई माणशी दोन मोजून करायची, स्वतःला न धरता. फुटलेलं एखादं आणि तळातला रस्सा तिचा. एम.एस.डब्ल्यू. होईपर्यंत मला ते दिसलंही नव्हतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. ताटातलं त्यात येत नाही. परवा नवऱ्याला कूट करायला लावलं, आईला पहिल्या पंगतीला बसवलं. वाढायला ती दोनदा उठली.