पडलेल्या माणसाची हांक

मनुष्य पडतो ही गोष्ट इतकी नेहमींची आहे कीं, तिच्याविषयीं स्वतंत्र भाषण करावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. मूल चालूं लागतांना पडतें आणि घरचीं माणसें हंसतात, म्हातारा मनुष्य न्हाणीघरांत पडतो आणि घरचीं माणसें, “जपून चालायला काय होतें?” म्हणून रागावतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें केवळ पडल्यामुळें दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो, आणि यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यु गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

पडल्यावर किती वेळ तसेंच पडून राहावें लागलें, यावर पुढचें पुष्कळ अवलंबून असतें. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धास उठतां येत नाहीं. गार फरशीवर एकाच कुशीवर तासन्‌तास भार पडला म्हणजे त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायूंचा नाश होऊन त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात, आणि तीं मूत्रपिंडांना निकामी करूं शकतात. कातडीवर व्रण पडतात, अंगांतलें पाणी आटतें, अंग गार पडतें. ब्रिटनमधील वैद्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत, तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धांपैकीं निम्मे सहा महिन्यांच्या आंत वारले असें आढळलें. तेव्हां पडणाऱ्यास सावरणें साधलें नाहीं, तरी तो पडल्याची वार्ता तत्काळ कोणाच्या तरी कानीं पोंचावी, हा विचार पुढें आला तो कांहीं उगाच नव्हे.

१९७० च्या दशकाच्या आरंभीं जर्मनींत विल्हेल्म होर्मान यांनीं घरांतून मदत मागण्याची एक योजना काढली. आजारी, अपंग आणि एकटीं राहणारीं म्हातारीं माणसें यांच्यासाठीं ती होती. पुढें युरोपांत व अमेरिकेंत अशीं यंत्रें घरोघर गेलीं. गळ्यांत ताइतासारखें एक बटण असावें, तें दाबलें कीं घरच्या टेलिफोनवाटे मदतकेंद्राला सूचना जावी आणि तेथून कोणी तरी धांवून यावें, असा हा साधा बेत. तो चालला, परंतु त्यांत एक खोंच राहिली. केंब्रिज येथें नव्वदी ओलांडलेल्या माणसांचा वर्षभर मागोवा घेऊन २००८ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. पडलेल्यांतील बहुतेकांना निदान एकदां तरी आपलें आपण उठतां आलें नव्हतें. हांक मारण्याचें साधन पुष्कळांच्या घरीं होतें. तरीहि फार वेळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगीं तें कोणीं वापरलें नव्हतें! बटण खुंटीला टांगलेलें असतें. हातांत असलें तरी, ‘थोडें थांबून उठूं’ असें वाटतें. आणि अपरात्रीं लोकांना कशाला उठवावें, हा संकोच तर सर्वांत मोठा. हा संकोच इंग्रज म्हातारीलाच असतो असें नाहीं. मराठी घरांतील आजी तापानें फणफणली असतांहि, “मला कांहीं झालेलें नाहीं,” असें सांगून पोळ्या लाटीत बसते, हें कोणास ठाऊक नाहीं?

म्हणून पडणाऱ्यानें कांहींच न करतां यंत्रानेंच ओळखावें, अशी खटपट सुरू झाली. ॲपल कंपनीच्या मनगटी घड्याळांत २०१८ सालीं ही सोय आली; पुढें इतरांनींहि ती आणली. त्याची युक्ति समजण्यास कठीण नाहीं. घड्याळाच्या पोटांत तांदळाच्या दाण्याएवढे गतिमापक असतात. मनुष्य उभा किंवा बसलेला असतांना त्यांना गुरुत्वाकर्षणाचा भार सतत जाणवतो. तो पडूं लागला कीं निमिषमात्र तो भार नाहींसा होतो. मग जमिनीवर आदळतांना जबरदस्त धक्का बसतो. आणि नंतर हालचाल थांबते. पोकळी, धक्का, निश्चलता, हा क्रम जुळला कीं घड्याळ मनगटाला टोंचण्या देतें आणि विचारतें, पडलांत काय? उत्तर आलें नाहीं व सुमारें मिनिटभर हालचालहि झाली नाहीं, तर तें अर्धा मिनिट मोजतें, संकटकाळच्या क्रमांकाला हांक देतें आणि नातलगांना ठिकाण कळवितें.

या क्रमाबाहेरचें पडणें मात्र त्याला कळत नाहीं. रक्तदाब एकाएकीं उतरून भिंतीला टेकत टेकत हळूहळू खालीं बसलेला मनुष्य बेशुद्ध झाला, तरी धक्काच न बसल्यामुळें यंत्र गप्प राहूं शकतें. पक्षाघाताचा झटका आलेला मनुष्य खाटेवरच कोसळला तर तीच गत. म्हणून स्वयंचलित यंत्रावरहि दाबण्याची कळ असावी लागते. उलटपक्षीं, हातानें भात झोडणाऱ्या किंवा लांकूड फोडणाऱ्या माणसाच्या मनगटाला दिवसभर धक्केच बसतात. तेथें तें उगाच ओरडण्याचा संभव. हात सारखा हलतो, कंबर तितकी हलत नाहीं; यामुळें कमरेला बांधलेलें यंत्र त्या मानानें कमी फसतें.

हें घड्याळ आतां मुंबई-पुण्याच्या दुकानांतून निघून आईबापांच्या मनगटावर गांवोगांव जाऊं लागलें आहे. तें कोठें चालतें आणि कोठें अडतें, हें पाहण्यास पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा हे दोन शेजारी तालुके फार उपयोगी आहेत. जव्हार हें मुकणे घराण्याच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, राजवाडा अजून उभा आहे. गांव डोंगरमाथ्यावर, पाऊस मुसळधार, आणि चार महिने अंगण शेवाळलेलें. येथील पुष्कळ घरांतील मुलें नोकरीनिमित्त ठाणें, नाशिक, मुंबई येथें राहतात.

अशा एखाद्या घराची कल्पना करावी. म्हातारी आई एकटी राहते. मुलगा ठाण्याहून दिवाळीला घड्याळ घेऊन आला आहे. तो सांगतो, “आई, हें मनगटावर असूं दे. तूं पडलीस तर मला तिकडे लगेच कळेल.” आई घड्याळ उलटसुलट करून पाहते आणि म्हणते, “तुला कळून काय होणार रे? तूं येईपर्यंत अर्धी रात्र सरेल. त्यापेक्षां शेजारच्या वहिनींना कळलें, तर त्या चपला न घालतां येतील.”

या एका वाक्यांत साऱ्या यंत्राचें मर्म आलें. घड्याळांत नातलगांचे क्रमांक भरतांना मुलगे सहसा प्रथम स्वतःचा भरतात, मग बहिणीचा, मग परदेशांतील भावाचा. हांक जाते ती अशा तिघांकडे कीं, ज्यांच्यापैकीं एकालाहि दार उघडतां येणार नाहीं! तेव्हां पहिला क्रमांक पायीं पांच मिनिटांत येऊं शकणाऱ्या माणसाचा असावा, दुसराहि तसाच असावा, आणि मुलाचा तिसरा. शेजाऱ्याची संमति आधीं घ्यावी, त्याच्याकडे एक किल्ली ठेवावी. रात्रीं आंतून कडी लावण्याची संवय असेल, तर बाहेरून उघडतां येईल असें कुलूप बसवावें. नाहीं तर धांवून आलेला शेजारी दाराबाहेर उभा, आंत घड्याळ वाजतें आहे, आणि सुतार मिळत नाहीं, असा प्रसंग ओढवायचा. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली, ११२ हा सर्व संकटांचा क्रमांक आहे, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. परंतु गाडी येईपर्यंत डोक्याखालीं उशी देणारें, पांघरूण घालणारें आणि ‘हलूं नका’ म्हणणारें माणूस शेजारचेंच असणार.

मोखाड्याच्या बाजूला वळलें म्हणजे प्रश्नाचें रूपच पालटतें. येथें वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे लोक. शहरांत पडण्याची गोष्ट निघाली कीं डोळ्यांपुढें ओली फरशी येते. येथें मनुष्य उन्हाळ्यांत तळ गांठलेल्या विहिरीच्या कांठावरून पडतो, पावसांत शेताच्या बांधावरून घसरतो, आणि राबासाठीं फांद्या तोडतांना झाडावरून कोसळतो. राब म्हणजे भाताची किंवा नागलीची रोपें करण्यापूर्वीं जमीन भाजण्याकरितां लागणारा पालापाचोळा व फांद्या; त्या तोडण्यासाठीं उंच झाडावर कोयता घेऊन चढावें लागतें, आणि चढणारा पुष्कळदां घरांतला कर्ता पुरुष असतो. पडण्याचें भय म्हाताऱ्यांनाच असतें ही समजूत येथें टिकत नाहीं.

शिवाय भातकापणी झाली कीं पाडे रिकामे होतात. तरुण जोडपीं पोरांबाळांसह भिवंडी, वसई, ठाणें, नाशिक या बाजूंना वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. त्याला येथील लोक ‘जगायला जाणें’ म्हणतात. मागें राहतात तीं बहुधा म्हातारींकोतारीं. शेजारच्या वहिनींवर जव्हारच्या आईची सारी भिस्त होती. पौष-माघांत पाड्यावर त्या वहिनीहि जगायला गेलेल्या असतात.

आणि घड्याळ हांक मारतें ती मोबाइलच्या मनोऱ्यावाटे. मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर मनोऱ्याची लहर पोंचत नाहीं, किंवा टेकडीवरच्या एका विवक्षित दगडावर उभें राहिलें तरच सांपडते. पडलेला मनुष्य त्या दगडापर्यंत कसा जाणार? मनोरे नसलेल्या देशांतील २४,६८० गांवांना जोडण्याची योजना केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजूर केली आहे. परदेशांत गिर्यारोहक थेट उपग्रहाशीं बोलणारें यंत्र खिशांत बाळगतात. भारतांत तें परवान्यावांचून बाळगणें हा गुन्हा आहे. तालुक्यांतील कोचाळे येथें बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचें पाणी मात्र २०१४ पासून मुंबईच्या नळांना बिनचूक पोंचतें. असो.

हांक पोंचली तरी वाट हवी. ऑगस्ट २०२२ मध्यें बोटोशी ग्रामपंचायतींतील मर्कटवाडी येथें एका स्त्रीची अकालीं प्रसूति होऊन जुळीं मुलें दगावलीं, आणि तिला स्वतःला घरच्या माणसांनीं डोलींत घालून, घसरड्या उतारावरून सुमारें तीन किलोमीटर चालत, गाडीच्या रस्त्यापर्यंत नेलें. ही गोष्ट पडण्याची नव्हे. परंतु मोडलेल्या खुब्याच्या माणसालाहि तीच डोली आणि तीच वाट आहे. डोली म्हणजे एक दांडा, एक घोंगडी किंवा चादर, आणि खांदे देणारे चार तरी धडधाकट पुरुष. ते चौघे भिवंडीच्या वीटभट्टीवर असतील, तर मनगटावरचें सर्वांत महाग यंत्रहि येथें कोणाला उठविणार?

यावर यंत्र फेंकून द्यावें असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. हांक दूर पाठविण्याऐवजीं जवळ पाठवावी, इतका फेरफार केला तरी पुष्कळ साधतें. बाजारांत दाराला लावण्याची बिनतारी घंटा स्वस्त मिळते. तिचें बटण दारावरच लावलें पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. तें बटण म्हातारीच्या कमरेच्या पिशवींत आणि घंटा पन्नास पावलांवरच्या शेजारघरीं ठेवली, तर मनोरा लागत नाहीं कीं महिन्याचें भाडें लागत नाहीं. भिंती मधें आल्या म्हणजे तिचा पल्ला कमी होतो, म्हणून बसविण्यापूर्वीं घरांतून, न्हाणींतून आणि परसांतून दाबून पाहावी. याहून लांबच्या पल्ल्याची लोरा नांवाची बिनतारी पद्धति आहे. तिला लागणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ या लहरींना भारतांत परवाना लागत नाहीं, वीज फार थोडी लागते, आणि मधें डोंगर आडवा नसेल तर तिची सूचना कांहीं किलोमीटर जाते. टेकडीवर एक ग्राहकयंत्र ठेवून तीन-चार पाड्यांच्या हांका आशाताईंच्या किंवा अंगणवाडीच्या घरीं आणणें हें काम एखाद्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखें आहे. मात्र कार्तिकांत माणसें जगायला निघण्यापूर्वीं, मागें कोण राहणार, घंटा कोणाच्या घरीं वाजणार आणि डोलीला खांदे कोणाचे, हें पाड्यावर बसून ठरलेलें असलें पाहिजे. तें ठरविण्यास कोणतेंच यंत्र लागत नाहीं.

जव्हारच्या त्या आईकडे परत येऊन एक बारीकसा तपशील सांगावयाचा राहिला. पुष्कळशीं हीं घड्याळें रोज विजेला लावावीं लागतात, आणि घरोघर तीं लावतात रात्रीं निजतांना किंवा सकाळीं आंघोळीला जातांना. म्हणजे अंधारांत उठण्याची आणि ओल्या फरशीवर पाय ठेवण्याची नेमकी वेळ तीं मेजावर काढतात. पाण्यांत चालणारें घड्याळ आंघोळींतहि हातांतच असावें, आणि रात्रींहि. मुलानें ठाण्याहून टेलिफोन करून हें समजाविलें, तेव्हां आईनें आपली वेळ स्वतःच ठरवून टाकली. दुपारीं जेवणें झाल्यावर शेजारच्या वहिनी तांदूळ निवडायला म्हणून तासभर येऊन बसतात. घड्याळ विजेला लागतें तें तेवढा तासभर.