साडेसात टक्के आणि आपली शाळा



आज मी तामिळनाडूच्या एका कायद्याबद्दल बोलणार आहे. तो आपल्यासारख्यांच्याच पोरांसाठी झाला. पण महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलला, तर आपलीच पोरं त्याच्या बाहेर राहतील, आणि म्हणूनच हा विषय मी घेतला.

आधी थोडा इतिहास. तामिळनाडूत २०१६ पर्यंत मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. २०१७ ला नीट लागू झाली. अरियलूर जिल्ह्यातली अनिता, हमाली करणाऱ्या दलित बापाची लेक. बारावीला १२०० पैकी ११७६ गुण, नीटमध्ये ८६. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१७ ला तिने जीव दिला. मुलगी तीच, वर्ष तेच. एका परीक्षेत ती हुशार ठरली आणि दुसरीत नालायक. ज्यांना 'मेरिट' हा शब्द फार आवडतो, त्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून बघावेत.

नीटला क्लास लागतो. क्लासला पैसा लागतो, एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा देण्याची ऐपत लागते. लातूरला खोली घेऊन राहिलेल्या पोरांना हे मी सांगायला नको. तामिळनाडूत सरकारी शाळेतून एमबीबीएसला जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली. सरकारने न्यायमूर्ती कलैयरासन यांचा आयोग नेमला आणि २०२० मध्ये विधानसभेने कायदा केला. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्यांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा. विधेयक सप्टेंबरात मंजूर झालं आणि राज्यपालांकडे पडून राहिलं. राज्यपाल बनवारीलाल पुरोहित, म्हणजे आपल्या नागपूरचे माजी खासदार. शेवटी २९ ऑक्टोबरला सरकारने स्वतःच्या अधिकारात आदेश काढला. दुसऱ्या दिवशी राज्यपालांची सही आली!

पहिल्याच वर्षी सुमारे ४०० मुलांना एमबीबीएस आणि बीडीएसच्या जागा मिळाल्या. पण खाजगी कॉलेज वाट्याला आलेली काही मुलं समुपदेशनाच्या टेबलावरूनच परत फिरली, कारण फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा कुठे सरकारने फी आपण भरू असं जाहीर केलं. मी दरवर्षी आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसतो. यादीत नाव लागलेलं पोरगं बापाकडे बघतं, बाप खिडकीबाहेर बघतो, आणि दोघं 'विचार करून येतो' म्हणून जातात. त्यातले किती परत येतात ते मला ठाऊक आहे. जागा देणं आणि प्रवेश देणं यात एवढं अंतर असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. हे ७.५ टक्के जातीच्या आरक्षणाच्या जागी आलेले नाहीत. तामिळनाडूचं ६९ टक्के आरक्षण जागच्या जागी आहे आणि या साडेसात टक्क्यांच्या आतही ते लागू होतं. 'जात सोडा, गरिबी बघा' म्हणणारे लोक असा कायदा दाखवून तुमच्याशी वाद घालतील. त्यांना हे सांगा. आणि ईडब्ल्यूएसमधून गरीब दलित, आदिवासी, ओबीसी का वगळले, तेही विचारा.

कोर्टाचंही ऐकून ठेवा. १९७४ मध्ये प्रदीप टंडन खटल्यात सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशची मेडिकलमधली ग्रामीण भागासाठीची राखीव जागा रद्द केली. खेड्यात राहणं म्हणजे मागास असणं नव्हे, असं म्हटलं. डोंगरी भागाची आणि उत्तराखंडची मात्र मान्य केली. म्हणजे नुसतं 'ग्रामीण' म्हणून चालत नाही, मागासपण दाखवावं लागतं. तामिळनाडूने आधी आयोग नेमला, मग कायदा केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टाने तो उचलून धरला.

जेएनयूची रीत वेगळी होती. तिथे शाळेऐवजी जिल्हा बघत. मागास जिल्ह्यातून आलेल्याला आणि मुलींना प्रवेशात काही जादा गुण मिळत. १९८३ ला ही पद्धत बंद झाली, नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांनी लढून परत आणली, आणि २०१७ ला एमफिल-पीएचडीसाठी पुन्हा गेली. विद्यापीठाच्या नियमावर मिळालेली गोष्ट विद्यापीठाच्या परिपत्रकाने जाते. तामिळनाडूचा कायदा मला म्हणूनच जास्त भरवशाचा वाटतो.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे हा कायदा मागणारे 'सरकारी शाळा' हाच शब्द वापरतात. पण आपल्या खेड्यातलं पोर कुठे शिकतं? सातवी-आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुढे? पुढे तालुक्यातल्या कुठल्या तरी शिक्षण प्रसारक मंडळाच्या हायस्कुलात. पगार सरकारचा, संस्था साहेबांची. कागदावर ती खाजगी अनुदानित. विमुक्त-भटक्यांच्या किती आश्रमशाळा संस्थांच्याच आहेत! तामिळनाडूच्या कायद्यात अनुदानित शाळा येत नाहीत. तिथे सरकारी हायस्कुलांचं जाळं मोठं आहे, तरीही त्यावरून तक्रारी झाल्या. इथे ती व्याख्या आणली तर नववीत पाऊल टाकताच पोरगं अपात्र.

आणि उलट, सरसकट सगळ्या अनुदानित शाळा घेतल्या, तर पुण्या-मुंबईतल्या जुन्या नामांकित शाळाही आत येतात. त्याही अनुदानितच. सगळ्यात आधी रांगेत त्याच उभ्या राहतील.

म्हणून माझं मत असं की, शाळेच्या प्रकाराला तालुका जोडावा आणि घरातलं पहिलं शिक्षण जोडावं. यातलं दुसरं अशक्य नाही. तामिळनाडूत कुटुंबातल्या पहिल्या पदवीधराला तसा दाखला मिळतो आणि इंजिनिअरिंगच्या शिकवणी शुल्कात सवलत मिळते. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढायला आपण तहसीलच्या पायऱ्या झिजवल्याच आहेत. आणखी एक सही.

तुमच्यापैकी बरेच जण आता मास्तर, वकील, क्लार्क आहात. आपापल्या तालुक्यातली हायस्कुलं कुणाची, अनुदान किती टक्के, विज्ञानाची तुकडी आहे की नाही, गेल्या पाच वर्षांत तिथून मेडिकलला कोण गेलं, एवढं लिहून काढा. उद्या इथे आयोग बसला, तर त्याच्यापुढे ठेवायला हेच लागेल. वह्या मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. चहा घेताना आपापल्या तालुक्याचं पान उघडा.