गोवर आणि शरीराची आठवण

श्रोते हो, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनो, आज ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. घरातल्या एखाद्या पोराला ताप भरतो, नाक वाहते, डोळे लाल होतात, कोरडा खोकला सुरू होतो, आणि तीन-चार दिवसांनी कानामागे, कपाळावर लालसर पुरळ दिसू लागते. घरातली म्हातारी लांबूनच ओळखते आणि सांगते, "गोवर निघालाय. घाबरू नकोस सूनबाई, सगळ्यांनाच येतो. एकदा येऊन गेला, की पोर जन्माचं मोकळं झालं."

म्हातारीचे हे बोलणे अर्धे अगदी खरे आहे. आणि उरलेले अर्धे असे आहे, की त्याच्यावर विसंबल्यामुळे मुले दगावली आहेत. दोन्ही अर्धे समजून घ्यायचे, तर आपल्याला थोडे दूर जावे लागेल.

उत्तर अटलांटिक महासागरात, आइसलंड आणि नॉर्वे यांच्या मध्ये, फेरो नावाची बेटे आहेत. ती डेन्मार्कच्या सत्तेखाली. तिथे १७८१ साली गोवर येऊन गेला होता. त्यानंतर ६५ वर्षे त्या बेटांवर गोवराचे नाव नव्हते. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पुन्हा आला, आणि ७,७८२ वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे काही महिन्यांत आजारी पडली! लहान मुलेच नव्हेत, तर बाप्ये, बाया, पन्नाशी उलटलेली माणसेही. डेन्मार्क सरकारने चौकशीसाठी जे डॉक्टर पाठवले, त्यांत पेटर लुडविग पानुम नावाचा पंचविशीतला तरुण होता. त्याच्याजवळ आजच्यासारखी उपकरणे काही नव्हती. विषाणू ही वस्तूच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. पानुमने एकच केले. गावोगाव हिंडून विचारपूस केली, आणि तारखा टिपल्या.

एका गावातले दहा गडी ४ जूनला दुसऱ्या गावच्या बंदरात देवमाशांच्या शिकारीसाठी गेले होते. तिथे त्यांना गोवराचा संसर्ग झाला. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. म्हणजे बरोबर चौदा दिवस. गोवराची लागण आणि पुरळ यांतले हे अंतर आजही पुस्तकात तसेच छापले जाते. आणि पानुमला आणखी एक गोष्ट दिसली. ज्या म्हाताऱ्यांना १७८१ साली, लहानपणी, गोवर होऊन गेला होता, त्यांतल्या एकालाही या खेपेस तो झाला नाही. भोवती घरेच्या घरे अंथरुणाला खिळलेली, आणि ही सत्तरीची माणसे मात्र ठणठणीत. मधल्या ६५ वर्षांत कोणी त्यांच्या शरीराला गोवराची आठवण करून दिली नव्हती. शरीराने ती आपणहून जपली होती.

ही आठवण शरीर ठेवते तरी कशी? शाळेच्या पुस्तकात रक्तातल्या पांढऱ्या पेशींना 'शरीराचे सैनिक' म्हटलेले असते. उपमा वाईट नाही, पण मला ती अपुरी वाटते. मी वर्गात शिकवणारा असतो, तर तलाठ्याच्या दप्तराची उपमा दिली असती. एखादा रोगजंतू शरीरात प्रथमच शिरतो, तेव्हा त्याला ओळखणारी नेमकी पेशी सापडायला, तिची संख्या वाढायला आणि त्या जंतूला जखडणारी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जंतू धुमाकूळ घालतो. त्यालाच आपण आजारपण म्हणतो. पण आजार सरल्यावर काही पेशी मागे राहतात, हाडांच्या मगजात, काखेतल्या-मानेतल्या गाठींत. या स्मृतिपेशी. जंतूची नोंद त्यांच्यापाशी असते. तोच जंतू पुन्हा आला, की दप्तर उघडायचा अवकाश. चार-दोन दिवसांत बंदोबस्त होतो, आणि बहुधा आपल्याला पत्ताही लागत नाही. सर्दी पुन्हा पुन्हा होते, कारण तिचे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि ते वेषही पालटतात. गोवराचा विषाणू मात्र एकच आहे आणि त्याला वेष पालटता येत नाही. म्हणून त्याची नोंद जन्मभर पुरते.

इथवर म्हातारीचे म्हणणे बरोबर. आता दुसरी बाजू.

गोवर शरीरात शिरतो तो थेट त्या दप्तरावरच हात घालतो. त्याला पेशीत शिरायला जे दार लागते, ते नेमके स्मृतिपेशींवर भरपूर असते. म्हणून इतर आजारांच्या नोंदी ठेवणाऱ्या पेशीच तो आधी नासवतो. याची पहिली चाहूल १९०८ साली लागली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी पाहिले, की ज्या मुलांच्या कातडीवर क्षयाची चाचणी एरवी उमटत असे, त्यांना गोवर झाला की ती उमटेनाशी होते. जणू शरीर क्षयाची ओळखच विसरले! पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, २०१९ साली, संशोधकांनी नेदरलँड्समधल्या लस न टोचलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि गोवरानंतरचे रक्त ताडून पाहिले. इतर रोगांविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे कोणाची ११ टक्के, तर कोणाची ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती.

याचा अर्थ काय, तो आपल्या घरात बघा. पुरळ मावळते, ताप उतरतो, घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि मग महिनाभराने पोराला हगवण लागते, कान फुटतो, न्यूमोनिया होतो. हा कमकुवतपणा कित्येक महिने, काही मुलांत दोन-तीन वर्षेही राहतो. "गोवरानं पोर खंगलं ते खंगलंच," असे आपल्या आयाबाया पूर्वापार म्हणत आल्या आहेत. निरीक्षण अचूक होते हो त्यांचे! गोवराची उष्णता आत राहिली, हे त्यामागचे कारण तेवढे चुकीचे होते. म्हणजे 'पोर मोकळं झालं' ते फक्त गोवरापुरते. त्याची किंमत म्हणून इतर आजारांची जमवलेली पुंजी त्याने घालवलेली असते.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, मग गोवर स्वतःचीच नोंद का पुसत नाही?" प्रश्न चांगला आहे. पाने फाटून रिकामे झालेल्या दप्तरात शरीर जी नवी नोंद घाईघाईने लिहिते, ती समोर उभ्या असलेल्या शत्रूची, म्हणजे गोवराचीच असते. म्हणून ती ठळक राहते.

लस हे कोडे सोडवते. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जॉन एंडर्स आणि टॉमस पीबल्स यांनी गोवर आलेल्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला. त्याला पेशींत वारंवार वाढवून दुबळे केले, आणि १९६३ पासून तिथे लस वापरात आली. दुबळा विषाणू नोंद करवून घेतो, पण दप्तर फाडत नाही. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ साली आली, आणि दुसरी मात्रा २०१० पासून. आता गोवर आणि रुबेला यांची लस एकत्र देतात. आपल्याकडची ही लस पुण्यात तयार होते, आणि जगातल्या पुष्कळ देशांना इथूनच जाते.

पहिली टोचणी नऊ महिने पूर्ण झाल्यावर का, असे आया विचारतात. जन्मतः बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. ती बाळाला जपतात, पण लसही निकामी करतात. नऊ महिन्यांपर्यंत ती बहुतेक ओसरतात. तरीही शंभरांतल्या पंधराएक बाळांना पहिली मात्रा लागू पडत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी. "एकदा टोचलंय की, पुन्हा कशाला?" हे म्हणणे इथे लागू नाही.

गोवर इतका सांसर्गिक आहे, की लस न घेतलेल्या दहा जणांमध्ये तो आला तर नऊ जणांना धरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून गावातल्या शंभरांतल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच तो फिरकत नाही. कोविडच्या साथीत पुष्कळ बाळांच्या टोचण्या राहून गेल्या. त्याचे फळ २०२२ च्या अखेरीस दिसले. मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली. ती कोणा आडरानातली नव्हती. मोठाली इस्पितळे असलेल्या शहरातली होती.

घरात गोवर आलाच, तर काय करावे? दारावर कडुलिंबाचा डहाळा लावतात, तो खुशाल लावा. त्याने विषाणू मरत नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला सूचना मिळते, तीही उपयोगी आहे. फोडणी बंद ठेवायची असेल, तीही ठेवा. पोराचे जेवण मात्र बंद करू नका. अंगावरचे दूध, पेज, वरणभात, केळे, जे जाईल ते थोडे थोडे, आणि पाणी भरपूर. डोळ्यांत कसलाही रस किंवा काजळ घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोवराच्या मुलाला अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, लागोपाठ दोन दिवस देतात. त्या अवश्य घ्याव्यात. गोवरात जी मुले आंधळी होतात, त्यांत या जीवनसत्त्वाची वाण असलेली पुष्कळ असतात. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. आणि श्वास जलद चालू लागला, पोर सुस्त पडले, आकडी आली किंवा पाणीही घेईना, तर रात्रीची सकाळ करू नका.

शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना एक सांगणे. नाव घालताना मुलाचे लसीचे कार्ड मागावे, आणि त्यातल्या या दोन रकाने भरले आहेत का, ते पाहावे. राहिले असतील तर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत सरकारी केंद्रात लस मिळते. कार्ड उंदराने खाल्ले असले तरी अडत नाही. आशाताईंच्या किंवा नर्सबाईंच्या नोंदवहीत नाव शोधता येते, आणि नोंदच नसेल तर पुन्हा टोचल्याने अपाय होत नाही. टोचल्यानंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना थोडा ताप येतो, अंगावर फिकट पुरळ दिसते. ते दोन-तीन दिवसांत जाते, आणि त्यापासून घरातल्या इतर मुलांना गोवर होत नाही.