ज्योती बसू : सत्तेचा उपयोग आणि सत्तेच्या मर्यादा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ज्योती बसू २१ जून १९७७ पासून ६ नोव्हेंबर २००० पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. प्रदीर्घ कारकिर्दीचा त्यांचा विक्रम २०१८ साली सिक्कीमचे पवन चामलिंग यांनी मोडला. परंतु वर्षे मोजून नेत्याचे मूल्यमापन होत नाही. सैन्य, चलन आणि बँका केंद्राच्या हाती असताना कम्युनिस्ट मुख्यमंत्र्याने राज्याच्या मर्यादित सत्तेचे काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

बसूंचा जन्म ८ जुलै १९१४ रोजी कलकत्त्यात एका डॉक्टरांच्या घरी झाला. बॅरिस्टर होण्यासाठी ते १९३५ साली इंग्लंडला गेले आणि तेथे कम्युनिस्ट विचारांकडे वळले. १९४० साली परतल्यावर वकिलीकडे पाठ फिरवून त्यांनी रेल्वे कामगारांची संघटना बांधली. १९४६ साली रेल्वे कामगारांनीच त्यांना बंगालच्या विधिमंडळात पाठविले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेभागाचा लढा पेटला. पिकाचे दोन हिस्से कसणाऱ्याला आणि एक मालकाला, ही त्याची मागणी होती. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तोही याच सुमारास.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. पण बटाईने जमीन कसणाऱ्या बंगालमधील बर्गादाराचे नाव बहुधा दप्तरी नसे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मालकाने मनात आणले की जमीन सुटे. १९६७ आणि १९६९ च्या संयुक्त आघाडी सरकारांत बसू उपमुख्यमंत्री होते. हरेकृष्ण कोनार यांच्या पुढाकाराने त्या काळात बेनामी जमिनींना हात घातला गेला. परंतु दोन्ही सरकारे अल्पजीवी ठरली.

१९७७ नंतर हे काम नेटाने हाती घेण्यात आले. १९७८ साली ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झाले. बर्गादाराने कचेरीचे उंबरठे झिजविण्याऐवजी अधिकारीच गावात येऊ लागले. शिबिरे भरत, सर्वांसमक्ष नावे पुकारली जात, हरकती ऐकल्या जात. आपण बर्गादार आहोत हे कसणाऱ्याने सिद्ध करण्याऐवजी, तो बर्गादार नाही हे मालकाने सिद्ध करावयाचे, असा कायद्याचा रोख बदलला. पुढे नोंदलेल्या बर्गादारांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली. जून १९७८ मध्ये त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि गावकारभारात गरीब शेतकरी, शिक्षक व शेतमजूर आले. राज्य केवळ रायटर्स बिल्डिंगमधून चालणार नाही, या बसूंच्या भूमिकेचा हा व्यवहारातील अर्थ होता.

उणिवा झाकून या कारकिर्दीचा अभ्यास होणार नाही. केंद्राच्या मालवाहतूक समानीकरण धोरणाने पूर्व भारतातील उद्योगांचे नुकसान केले, हे खरे. तथापि बंद कारखान्यांच्या दारातील कामगाराला राज्य सरकारही पुरेसे उत्तर देऊ शकले नाही. १९७९ साली मरीचझांपीत निर्वासितांवर झालेली पोलिसी कारवाई या काळावरील डाग आहे.

१९९६ साली संयुक्त आघाडीच्या पक्षांनी बसूंना पंतप्रधानपद देऊ केले. पक्षाच्या केंद्रीय समितीने बहुमताने सरकारात न जाण्याचे ठरविले. बसूंना तो निर्णय मान्य नव्हता. पुढे त्यांनी त्याला उघडपणे ‘ऐतिहासिक चूक’ म्हटले. पण निर्णय त्यांनी पाळला, पक्ष सोडला नाही, वेगळा गटही काढला नाही. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद चालू राहील; मतभेद आणि शिस्त एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, एवढे मात्र त्यातून निर्विवाद दिसले.

१७ जानेवारी २०१० रोजी बसूंचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला. पुढच्याच वर्षी डाव्या आघाडीची बंगालमधील सत्ता गेली. कोणतेही सरकार कायमचे नसते. म्हणून सत्ता हाती असताना कष्टकऱ्याचे नाव दप्तरात चढविणे जितके निकडीचे, तितकीच ते नाव तेथे टिकवून धरणारी गावातील संघटनाही निकडीची आहे. तिचे काम मुख्यमंत्री करू शकत नाही. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागते.